ॲकोमाच्या टेकडीवर मोबाइल नेता येत नाही

मागच्या आठवड्यात न्यू मेक्सिकोतल्या ॲकोमा या टेकडीवरच्या गावात तिथल्या संताचा, सान एस्तेबानचा उत्सव झाला, दरवर्षी 2 सप्टेंबरला असतो. पायथ्याशी गाडी लावतानाच सांगितलं गेलं की मोबाइल गाडीत ठेवून जा. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, वहीत चित्र काढणंसुद्धा नाही. आमच्याकडे अल्बुकर्कीला सध्या पुण्याहून काका-काकू आलेत आणि काका जाम वैतागले, एवढ्या लांब यायचं, वर नाच चाललाय, ढोल वाजतायत आणि फोटो काढायचा नाही म्हणजे काय, आपल्याकडे वारीत जगभरातले लोक कॅमेरे घेऊन येतात, कुणी अडवतं का? मी म्हटलं, काका, ठेवा ना फोन, वर गेल्यावर सांगते. पण वर गेल्यावर सांगायला वेळच मिळाला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, काका वाचतीलच.

न्यू मेक्सिकोत प्वेब्लो लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, एकोणीस गावं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना एकेक संत चिकटवलेला आहे, तो स्पॅनिश पाद्र्यांनी. संताच्या दिवशी चर्चमधून त्याची मूर्ती मिरवत चौकात आणतात, फांद्यांच्या मांडवात बसवतात आणि तिच्यासमोर दिवसभर गावाचा स्वतःचा नाच चालतो, जो स्पॅनिश यायच्या आधीपासूनचा आहे. नाच संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण तो कार्यक्रम नाही, प्रार्थना आहे. एवढं कळलं की मोबाइलचा नियमही कळतो. ज्या गोष्टी चोरून, लपवून, जिवावर उदार होऊन सांभाळल्या त्या कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवर का जाव्यात? मला तर वाटतं अजून कडक नियम केले तरी चालतील.

काय सोसलंय ते सांगते. ॲकोमा, त्यांच्या भाषेत हाकू, साडेतीनशे फुटांपेक्षा उंच सरळसोट खडकाच्या माथ्यावर वसलेलं गाव, तिथे आठ-नऊशे वर्षं वस्ती आहे. 1598 मध्ये स्पेनकडून हुआन दे ओन्याते वसाहत करायला आला. त्या डिसेंबरात त्याचा पुतण्या माणसं घेऊन वर धान्य मागायला गेला, बाचाबाची झाली, पुतण्या आणि त्याचे काही सैनिक मारले गेले. जानेवारी 1599 मध्ये ओन्यातेने दुसऱ्या पुतण्याला तोफ देऊन पाठवलं. शेकडो माणसं मेली, आठशेचा आकडा सांगितला जातो. उरलेल्यांवर रीतसर खटला भरला, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं, की वकील नेमून, कागद करून शिक्षा दिली. पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांचा एक पाय तोडायचा आणि वीस वर्षं गुलामी, बारा वर्षांवरच्या मुलींना वीस वर्षं गुलामी. होपी जमातीचे दोन पुरुष तिथे सापडले, त्यांचे उजवे हात तोडून त्यांना घरी पाठवलं, बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून.

आणि मग त्याच गावाकडून चर्च बांधून घेतलं. 1629 नंतर काम सुरू झालं. छताचे लाकडी वासे तीस-चाळीस मैलांवरच्या डोंगरातून खांद्यावर वाहून आणले. समोर दफनभूमी आहे, माथ्यावर नुसता खडक, म्हणून तिच्यासाठी मातीसुद्धा खालून वाहून वर नेलेली. वासे आणले तो डोंगर म्हणजे आजचा माउंट टेलर, नाव अमेरिकेच्या अध्यक्षाचं, त्याआधी स्पॅनिश लोक त्याला सेबोयेता म्हणायचे, नवाहो त्याला त्सोद्झिल म्हणतात आणि ॲकोमाचे लोक कावेश्तिमा. आमच्या गाइडने चारही नावं एका दमात सांगितली आणि मग पुढे सबंध टूरभर कावेश्तिमाच म्हणत राहिली. राग नाही, भाषण नाही. मला ते फार आवडलं.

उत्सवाच्या दिवशी घरं उघडी असतात. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आई वर राहते, तिने आम्हाला आत बोलावलं. बोलावलं तर नाही म्हणायचं नाही आणि जेवण झालं की रेंगाळायचं नाही, कारण बाहेर पुढची माणसं थांबलेली असतात, अगदी आपल्याकडे जत्रेला एक पंगत उठते आणि दुसरी बसते तसं. लाल मिरचीतला रस्सा, मका, भट्टीतला पाव, गोड पाय (pie). काकूंनी तिखट खाऊन डोळे पुसले आणि परत वाढून घेतलं. वर ना नळ ना वीज, सगळं पाणी खालून आणायचं, आणि त्या बाईंनी ओळख ना देख अशा माणसांना दिवसभर जेवू घातलं. ज्यांच्या दारात पाहुणा म्हणून आलेल्यांनी हे सगळं केलं, ते आजही दार उघडं ठेवतात. अमेरिकेत इतकी वर्षं राहून असं आतिथ्य मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुण्यातही नाही.

आता 1680. आपल्याला हे साल कशासाठी माहीत आहे ते सांगायला नको, एप्रिलमध्ये रायगडावर महाराज गेले. त्याच वर्षी 10 ऑगस्टला इथल्या गावांनी एकाच वेळी उठाव केला. गावागावांत भाषा वेगळ्या, एकमेकांशी जुनी भांडणं, पण ओके ओविंगेच्या पोपे नावाच्या माणसाने सगळ्यांना जोडलं. पळणारे दूत गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन गावोगाव गेले, रोज एक गाठ सोडायची, शेवटची गाठ सुटली की उठायचं. दोन तरुण दूत पकडले गेले, फाशी गेले, म्हणून दिवस अलीकडे आणावा लागला तरी जमलं. चारशेच्या आसपास वसाहतवाले आणि एकवीस पाद्री मारले गेले आणि उरलेले राजधानी सांता फे सोडून खाली एल पासोला पळाले. बारा वर्षं इथे स्पॅनिश सत्ता नव्हती. पोपेने लोकांना नदीत अंघोळ करून बाप्तिस्मा धुवून टाकायला सांगितलं, स्पॅनिश नावं टाकून द्यायला सांगितली. 1692 मध्ये दिएगो दे वार्गास स्पॅनिश फौज घेऊन आला आणि पुढच्या वर्षी सांता फे लढून घेतलं, सत्तर जणांना मारलं. तरीही उठावानंतर सक्तीची मजुरी आणि धर्माची जबरदस्ती पूर्वीसारखी राहिली नाही. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये 2005 पासून पोपेचा पुतळा उभा आहे, हातात गाठींची दोरी. आपल्याकडच्या शाळेत हे शिकवायला हवं, जसं इथे शिवाजी महाराज शिकवायला हवेत.

तिथून तीनच वर्षांनी, 1683 च्या नोव्हेंबरात, संभाजी महाराजांनी गोव्यात तिसवाडीतलं सांतु इश्तेव बेट घेतलं आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय पळत सुटला. सांतु इश्तेव आणि सान एस्तेबान, नाव तेच. आणि गोव्यातली माणसं त्या बेटाला आजही जुवें म्हणतात. मला हे परवा रात्री जाणवलं आणि झोपच लागेना. आमचं कुलदैवत मंगेशी, मूळ कुशस्थळीचं, पोर्तुगीजांच्या भीतीने 1560 मध्ये देव नदीपलीकडे प्रियोळला हलवला. आपल्याला देव हलवायला नदीपलीकडे दुसऱ्याचं राज्य तरी होतं. ॲकोमावाल्यांना पलीकडे काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी देव आपल्या किवांमध्ये, म्हणजे घरांच्या रांगेतच मिसळून गेलेल्या पूजेच्या खोल्यांमध्ये ठेवले आणि बाहेर चर्च सांभाळलं.

लोक मला नेहमी विचारतात, तुमची अल्बुकर्की म्हणजे गोव्याच्या त्या अल्बुकर्कचीच का? तर नाही, पण लांबची नाही. स्पेनमध्ये एक्स्त्रेमादुरात, पोर्तुगालच्या सीमेजवळ, आल्बुर्केर्के नावाचं किल्ल्याचं गाव आहे. 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या अफोन्सोच्या घराण्याचं नाव त्या गावावरून पडलेलं, आणि 1706 मध्ये हे शहर वसवलं तेव्हा मेक्सिकोचा व्हाइसरॉय त्याच गावाचा ड्यूक होता, त्याची मर्जी राखायला त्याचं नाव दिलं. म्हणजे एका सीमेवरच्या किल्ल्याचं नाव मांडवीच्या काठीही पोचलं आणि रिओ ग्रांदेच्या काठीही.

काकांचा मुद्दा हा की मग हे लोक नावं बदलत का नाहीत, आपण औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर केलं, उस्मानाबादचं धाराशिव केलं. तर बदलतात, काका. सान हुआन प्वेब्लोने 2005 मध्ये अधिकृतपणे ओके ओविंगे हे आपलं नाव परत घेतलं. पण शहरांची नावं बदलायला सत्ता लागते, संख्या लागते, जी आपल्याकडे आहे. आणि गोव्यातलं वास्को द गामा अजून वास्को द गामाच आहे, ते कुणी काढलं की मी गप्प बसते. अर्थात गोवा मुक्त होऊन साठच वर्षं झालीत, आणि तिथल्या ख्रिश्चन माणसांनाही विचारायला हवं, तेही तिथलेच, हे मी मान्य करते.

माझा खरा राग आहे तो कोरोनादो या नावावर. शहराच्या उत्तरेला बर्नालिल्योजवळ नदीकाठी कुआवा नावाच्या जुन्या प्वेब्लोचे अवशेष आहेत, किवाच्या भिंतींवर चित्रांचे थरावर थर सापडले, फार सुंदर जागा. तिचं सरकारी नाव काय, तर कोरोनादो हिस्टॉरिक साइट. 1540 मध्ये फ्रान्सिस्को वास्केस दे कोरोनादो सोन्याची शहरं शोधत आला, थंडीत इथल्या लोकांना त्यांच्या घरांतून हुसकावून स्वतः राहिला, अंगावरचे कपडे आणि धान्य ओढून घेतलं, लोकांनी विरोध केला तर शरण आलेल्या माणसांना खांबाला बांधून जाळलं. सोनं मिळालं नाही, 1542 मध्ये परत गेला. दोन वर्षं! बरं, 1930 च्या दशकात तिथे खोदकाम केलं ते कोरोनादोचा तळ सापडेल या आशेने, सापडलं कुआवा, आणि 1940 मध्ये त्याच्या येण्याला चारशे वर्षं झाली म्हणून पाटी मात्र त्याचीच लावली. शहरातला सगळ्यात मोठा मॉलही कोरोनादो. मॉलचं एक वेळ राहू द्या, पण ज्यांना लुटलं त्यांच्या घराच्या अवशेषांना लुटणाऱ्याचं नाव? सान एस्तेबानला ॲकोमाने आपल्या मांडवात बसवलं, तो आता त्यांचा आहे, त्याच्यावर बाहेरच्याने बोलू नये. कोरोनादोला कुणी कुठल्या मांडवात बसवलेलं नाही.

शेजारच्या आजींना हे मी एकदा बोलून दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. त्यांचं घराणं वार्गासच्या वेळेपासून इथलं, घरात स्पॅनिश, पण शाळेत स्पॅनिश बोललं की मार बसायचा, कारण 1848 च्या तहाने हा मुलूख अमेरिकेकडे गेला होता आणि इंग्रजीचं राज्य आलं होतं. त्यांच्या लेखी ओन्याते म्हणजे आपण इथे कालपरवा आलेलो नाही याचा पुरावा. 1998 च्या सुमारास आल्काल्देतल्या त्याच्या पुतळ्याचा पाय कुणीतरी कापून नेला, उजवा पाय, 2020 मध्ये पुतळाच काढला. इथे अल्बुकर्कीत त्याच वेळी दुसऱ्या पुतळ्यापाशी आंदोलकावर गोळी झाडली गेली. 2023 मध्ये एस्पान्योलात पुतळा पुन्हा बसवायचं घाटलं तेव्हाही गोळीबार. आजी म्हणाल्या, आमच्याकडे जमीन राहिली नाही, भाषा मुलांना येत नाही, पुतळाही नेला. मला त्यांचं दुःख समजतं, त्यांनी मला इथल्या पहिल्या हिवाळ्यात रोज सूप आणून दिलंय. पण पाय तोडण्याची शिक्षा देणारा माणूस घोड्यावर बसवलेला बघायला ॲकोमाच्या मुलांना लावू नये, हे मी त्यांनाही सांगितलं. ओन्यातेवर त्याच्याच राजाने 1614 मध्ये क्रूरपणाबद्दल खटला चालवून त्याला न्यू मेक्सिकोतून हद्दपार केलं होतं. म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश कोर्टालाही जे पटलं नाही ते आपण का मिरवायचं? आजी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची पिशवी दारात होती.

पुढच्या वर्षी कुणी येणार असेल तर आधी ॲकोमा करा, सांता फे नंतर. उत्सव नसलेल्या दिवशी टूर असते, परमिट काढलं तर फोटो काढता येतात, चर्चच्या आत आणि दफनभूमीचे मात्र नाहीत. बसने वर नेतात, पण गुडघे ठीक असतील तर उतरताना खडकात कोरलेल्या जुन्या पायऱ्यांनी उतरा. आणि कुआवाला गेलात तर तिथल्या अभिप्रायाच्या वहीत नाव बदला असं लिहून या, मराठीत लिहिलंत तरी चालेल, मी इंग्रजीत लिहून आलेय.