पावसाळ्यात परतलेला वास

फेब्रुवारीतच गेला असे आम्ही समजत होतो तो वास जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, आतल्या खोलीत पुन्हा येऊ लागला. आमच्या अडीच वर्षांच्या बोक्याने, गुंड्याने, फेब्रुवारीत तीन-चार वेळा कापसाच्या गादीवर लघवी केली होती. प्रत्येक वेळी आम्ही खोळ धुतली, गादी दोन-दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकली आणि आईने खोलीची फरशी फिनाईलने पुसून घेतली. उन्हाळाभर कोणालाही काही जाणवले नाही, त्यामुळे विषय संपला अशी आमची समजूत झाली होती.

शेवटी पिंजाऱ्याला बोलावून गादी उसवली, तेव्हा खोळीवर तळहाताएवढा दिसणारा डाग आतल्या कापसात ताटाएवढा पसरलेला निघाला. कापूस ओल शोषून ती चहूकडे नेतो, आणि आम्ही मात्र वरवरचा भागच धूत राहिलो होतो. लघवीतला युरिया पाण्यात सहज विरघळतो. जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि शिळ्या डागाचा नाकाला झोंबणारा वास त्याचाच असतो. युरिक आम्लाचे मात्र तसे नाही. ते पाण्यात फारच कमी विरघळते, त्याचे बारीक स्फटिक धाग्यांना चिकटून राहतात आणि हवेत दमटपणा आला की वास पुन्हा सुटतो. त्यातच मांजराच्या, विशेषतः नसबंदी न झालेल्या बोक्याच्या, लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते आणि ते हळूहळू विघटित होताना तो खास उग्र दर्प निर्माण होतो. उन्हाने गादी वाळली होती, स्वच्छ झाली नव्हती. तेवढा कापूस टाकून देण्यावाचून उपाय उरला नाही.

फिनाईलविषयी मला मनापासून सांगावेसे वाटते, कारण ते आपल्या बहुतेक घरांत असते आणि स्वच्छतेचा वास म्हणजे फिनाईलचा वास अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. काळ्या फिनाईलमध्ये असतात तशी फिनॉलसारखी द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताची जी प्रक्रिया लागते, ती मांजरात फारच दुबळी असते. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि ते द्रव्य थेट पोटात जाते. काळ्या फिनाईलइतकेच पाइन तेलाचे पांढरे फिनाईलही मी आता घरात आणत नाही. आईला हे कळले तेव्हा तिला फार वाईट वाटले, पण त्यात तिचा दोष नव्हता. आम्हाला कोणालाच ते ठाऊक नव्हते. अमोनिया असलेली स्वच्छता द्रव्येही टाळावीत, कारण त्यांचा वास लघवीशी मिळताजुळता असल्याने मांजर त्याच जागी परत येऊ शकते. लघवीवर ब्लीच ओतणे तर धोक्याचे आहे: अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, आणि बंद मोरीत तो अधिकच त्रासदायक ठरतो.

आता आम्ही जे करतो ते असे. डाग ओला असेल तर तो घासायचा नाही; जुन्या सुती कापडाची जाड घडी ठेवून वर भार द्यायचा आणि कापड कोरडे निघेपर्यंत टिपत राहायचे. मग गार पाणी घालून पुन्हा टिपायचे. गरम पाणी किंवा वाफ वापरू नये, कारण उष्णतेने डाग आणि वास धाग्यांत पक्का बसू शकतो. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रव, लघवी जितकी खोल गेली असेल तितके खोल जाईल इतके, सढळ हाताने ओतावे आणि बाटलीवर दिलेल्या वेळेपर्यंत जागा ओली ठेवावी. वरून प्लास्टिक झाकल्यास ती लवकर सुकत नाही. घाईने फवारून लगेच पुसून टाकले तर एन्झाइमला काम करायला अवधीच मिळत नाही. कपड्यांना पाण्यात मिसळलेले व्हिनेगर चालते, पण आमच्यासारखी शहाबादी फरशी, कोटा किंवा संगमरवर असेल तर ते मुळीच वापरू नका. हे चुनखडीचे दगड आहेत आणि आम्लाने त्यांचा पृष्ठभाग कायमचा खराब होतो. जुने डाग सापडत नसतील तर अंधारात अतिनील टॉर्च फिरवावा, म्हणजे ते चमकताना दिसतात.

परंतु साफसफाईपेक्षा मोठा प्रश्न गुंड्या गादीवर का जात होता, हा होता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो पुन्हा पुन्हा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये बसत होता, कण्हत होता आणि दोन-चार थेंबच पडत होते. आम्ही त्याला तातडीने पशुवैद्यांकडे नेले. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. अशा वेळी उद्यापर्यंत वाट पाहू नये. सुदैवाने मार्ग मोकळा होता. खडे नव्हते, जंतुसंसर्गही नव्हता. मूत्राशयाला सूज होती, आणि तरुण मांजरांत ती बऱ्याचदा ताणामुळे येते, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडले की जानेवारीत रंगकाम काढले असताना ट्रे गॅलरीतून उचलून आम्ही वॉशिंग मशीनशेजारी ठेवला होता, आणि तो तिथेच राहिला होता. यंत्राच्या खडखडाटात त्याला तिथे बसवत नव्हते, लघवी करताना वेदनाही होत होत्या, म्हणून त्याने मऊ आणि शांत जागा शोधली. त्याला रागावण्याने तो ताण वाढलाच असता.

ट्रे पुन्हा गॅलरीत गेला आणि दुसरा एक आतल्या खोलीच्या कोपऱ्यात आला, कारण मांजरे जितकी त्यांपेक्षा एक ट्रे जास्त असावा असे सांगतात. वेदनाशामक औषध संपल्यावरही ओलसर खाणे आणि जागोजागी ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या आम्ही चालू ठेवल्या आहेत. नव्या कापसाची गादी खोलीत परत आली आहे, तिच्या खोळीखाली रबरी कापड घातले आहे. रोज सकाळी ट्रे साफ करताना लिटरमध्ये, म्हणजे ट्रेमधल्या ओल शोषणाऱ्या दाणेदार भरावात, लघवीने बांधले गेलेले गोळे मी मोजतो आणि त्यांचा आकार पाहतो. ते एकाएकी लहान आणि पुष्कळ दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, हे आमच्या घरात ठरलेले आहे.