कचऱ्याच्या डब्याचं चाक

आमच्या बारा फ्लॅटच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा १२० लिटरचा हिरवा डबा आहे, मागे दोन चाकं असलेला. जुलैत एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी खालून हाक मारली, "दादा, चाक निघालं!" जाऊन बघतो तर डावं चाक घरंगळत गटाराच्या जाळीपाशी, डबा कुशीवर, आणि नारळाच्या शेंड्यांपासून चहाच्या चोथ्यापर्यंत सगळं पार्किंगमध्ये.

चेअरमन म्हणाले, नवीन आणू. पण डब्याला साधी चीरसुद्धा नव्हती. रविवारी तो फिनेलनं धुतला आणि तोंडाला रुमाल बांधून आडवा पाडला. मला वाटलं होतं नट-बोल्ट असेल. तसं काही नाही. लोखंडी दांड्याच्या टोकावर आतून दाते असलेली पत्र्याची टोपी ठोकलेली असते. ती आत सरकते, बाहेर येत नाही. आमची कचऱ्याच्या पाण्यानं गंजून पापड झाली होती. चाकाचं भोकही झिजून लांबट झालेलं.

बोहरी आळीत दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, "दांडा किती एमएम?" मी गप्प. घरी येऊन दांड्याला दोऱ्याचा एक वेढा दिला, दोरा पट्टीवर धरला: ६३ मिलिमीटर. भागिले ३.१४, म्हणजे २०. दुसऱ्या फेरीत तो म्हणाला, "एकच चाक नेऊ नका, डबा तिरका चालेल." जोडी घेतली. टोप्या मात्र त्यानं चार दिल्या. माझ्या हातांकडे बघून दिल्या असाव्यात.

कारण पहिली टोपी छान बसली आणि दुसरी ठोकताना पहिली टुणकन उडाली, दातेही वाकले. दांड्याचं ते टोक अधांतरीच होतं ना! मग नवी टोपी लावून ते भिंतीलगतच्या विटेला टेकवलं आणि दुसरीकडून हातोडी मारली. टोपी चाकाला चिकटून बसली तर चाक फिरत नाही, म्हणून मध्ये जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा ठेवला आणि शेवटी ओढून काढला. त्याआधी दांड्यावरचा गंज पॉलिश पेपरनं घासून बोटभर ग्रीस लावलं होतं. जास्त लावलं तर त्यात रेती बसते आणि तीच भोक झिजवते.

आता दर दोन महिन्यांनी डबा आडवा पाडतो. दांड्याभोवती केस, सुतळी, एकदा तर मांजा निघाला.

खरं दुखणं वेगळंच होतं. ते मी ताईंना विचारल्यावर कळलं. "भरलेला डबा त्या पायरीवरून आपटतच उतरवावा लागतो दादा, दुसरा रस्ता कुठंय?" पाच वर्षं ती पायरी मी रोज उतरत होतो. गवंड्यानं अर्ध्या दिवसात तिथं सिमेंटचा उतार करून दिला. त्यावरून सगळ्यात जास्त येजा चेअरमनांच्या स्कूटरची असते.