"रिव्हॉल्व्हरच कशाला?" : शस्त्र परवान्याचा माझा अनुभव

परवाना हातात पडून आता बरेच महिने झाले, तरी पोलीस ठाण्याच्या त्या अहवालाची आठवण निघाली की अजून माझं डोकं तापतं. आमच्या सराफ मंडळींपैकी बरेच जण विचारत असतात, छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं का, कुठलं घ्यावं, परवाना निघतो का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

तालुक्याच्या गावात माझं दुकान आहे. गावातली मोड, म्हणजे मोडीत काढलेलं जुनं सोनं, गोळा करून मुंबईला झवेरी बाजारात न्यायची, तिकडून माल आणायचा, हे वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं काम. रात्रीची एसटी, पहाटेचा स्टँड, आणि रोज दुकान वाढवून घरी जाताना लागणारा तो कॅनॉलकडेचा अंधारा रस्ता. दुकानाला शटर आहे, तिजोरी आहे, कॅमेरे आहेत, विमा आहे. भीती असते ती रस्त्यात. आमच्याच भागात एका सराफाला दुकान बंद करून निघाल्यावर गाठून लुटलं, त्यानंतर घरच्यांनी धोशा लावला आणि मी अर्ज केला.

अर्ज, ओळखपत्रं, आयकराची विवरणपत्रं, दुकानाचे कागद, शरीर आणि मन ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, घरी ते कुलपात ठेवण्याची हमी. यातलं काहीच अडलं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातून फाइल पोलीस अधीक्षकांकडे, तिथून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, तिथून आमच्या ठाण्यात, अशी भराभर खाली उतरली. आणि ठाण्यात येऊन बसली ती बसलीच.

जबाब झाला, शेजाऱ्यांचे जबाब झाले, माझ्यावर गुन्हा दाखल आहे का याचं उत्तर 'निरंक' आलं. आता फक्त अहवाल वर पाठवायचा होता. साहेब गणपतीच्या बंदोबस्तात आहेत. साहेब रजेवर आहेत. मग निवडणूक लागली. मग साहेबांची बदली झाली, आणि नवे साहेब म्हणाले, "मागच्यांनी काय लिहिलंय ते मला माहीत नाही, मी पुन्हा चौकशी करतो." पुन्हा तेच जबाब, तेच शेजारी. शेजारच्या काकांनी तर मला विचारलं, "अरे, तू काही केलंयस का रे?" अर्ज माझ्या जिवाच्या संरक्षणासाठी, आणि गल्लीत चौकशी मात्र माझीच चालल्यासारखी.

शेवटी अहवाल वर गेला, आणि वरून त्रुटी काढून परत आला. शेरा होता, 'अर्जदारास रिव्हॉल्व्हरचीच आवश्यकता का, याबाबत स्पष्ट अभिप्राय नाही.' ठाण्यातले हवालदार माणूस म्हणून चांगले. मला समजावत म्हणाले, "शेठ, दुनळी घ्या की. दुकानात भिंतीला लावली की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते, चोर फिरकत नाही. बारा बोअर म्हटलं की आम्ही लगेच लिहून देतो. रिव्हॉल्व्हर म्हटलं की सगळे पेन खाली ठेवतात."

त्यांचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्येच हा फरक केलेला आहे. किमान वीस इंच लांब आणि आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक (बारा बोअरची दुनळी त्यातलीच) संरक्षणासाठी मागितली तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हरसारख्या हत्याराला मात्र अर्जदाराकडे 'सबळ कारण' आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे सगळं गाडं त्या सबळ कारणावर अडलेलं असतं आणि ते कारण कागदावर आणून देणं आपलं काम असतं. 'जिवाला धोका आहे' एवढं एक वाक्य कुणालाच पुरत नाही. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं, त्रुटी निघायची वाट पाहू नये.

मग मी बसून दोन पानी निवेदन लिहिलं. वकिलाने नाही, मीच लिहिलं, कारण रस्त्यात मी असतो. त्यातले मुद्दे इथे देतो, कारण छोट्या रिव्हॉल्व्हरची बाजू यापेक्षा वेगळी नाही.

पहिला मुद्दा, धोका दुकानात नाही, प्रवासात आहे. दुनळी खांद्याला अडकवून एसटीत बसलो तर पिशवीत सोनं आहे हे सगळ्या गाडीला सांगितल्यासारखंच. दुसरा मुद्दा नियमांचाच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी हत्यार उघडं मिरवता येत नाही. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल म्यानात, झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात ठेवूनच न्यायचं असतं. झाकून न्यायचं हाच नियम असेल, तर सहज झाकता येईल असं हत्यार मागणं गैर कसं? तिसरा मुद्दा, माझा एक हात कायम पिशवीवर असतो. पिस्तूल अडकलं तर वरचा भाग मागे खेचायला दुसरा हात लागतो. रिव्हॉल्व्हरचं एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा घोडा दाबायचा, काडतुसांचं चक्र फिरतं, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलासारखं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, नाही, तिची स्प्रिंग थकायची भानगड नाही. वर्षानुवर्षं वापरायची वेळ येऊ नये अशीच प्रार्थना करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला साधं यंत्र हवं.

सोबत मुंबईच्या फेऱ्यांची बिलं, मालाच्या पावत्या आणि आमच्या भागातल्या लुटीच्या गुन्ह्यांचे नोंद क्रमांक जोडले. गुन्हा क्रमांक दिला की ठाण्याला 'धोका दिसून येत नाही' असं लिहिणं अवघड जातं, कारण नोंद त्यांच्याच डायरीत असते.

निवेदन दिलं, पोच घेतली. पोचेशिवाय एकही कागद देऊ नका. आवक क्रमांक आणि शिक्का नसेल तर तो कागद तुम्ही दिलाच नव्हता असं होतं. तरी पुन्हा शांतता. तेव्हा मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्हींचा उपयोग झाला. एक म्हणजे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात एवढंच विचारलं: माझा प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर आला आणि कोणत्या तारखेला पुढे गेला. 'का अडला' असं विचारायचं नाही, त्याला उत्तर टाळता येतं. तारखा मागायच्या. दुसरं म्हणजे थेट जिल्हाधिकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. ठाण्याने अहवाल ३० दिवसांत द्यायचा असं नियम सांगतात, आणि तो मुदतीत आला नाही तर परवाना देणारा अधिकारी अहवालाची वाट न पाहताही निर्णय घेऊ शकतो असं कलम १३ मध्येच लिहिलेलं आहे. तेच वाक्य पत्रात उतरवून काढलं आणि खाली नम्र विनंती केली. आवाज चढवायची गरज नव्हती.

माहिती अधिकाराचं उत्तर यायच्या आधीच अहवाल वर गेला. या वेळी त्यात माझ्या निवेदनातली वाक्यंच्या वाक्यं होती. राग आला की आनंद झाला हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. एवढे महिने जे काम 'प्रक्रियेत' होतं, ते एका तारखेच्या प्रश्नाने सुटलं. ज्यांना लिहिता येत नाही, ज्यांच्याकडे कलमं वाचायला वेळ नाही, त्या सराफाने, त्या पेट्रोल पंपवाल्याने काय करायचं? मला हत्यार मिळालं म्हणून हा प्रश्न मिटत नाही. नाकारायचं असेल तर नाकारा, पण कारण लेखी द्या. कलम १४ प्रमाणे कारणं नोंदवणं बंधनकारक आहे आणि त्यावर अपीलही करता येतं. नुसतं लटकवून ठेवलं की अपील कशावर करणार? आमच्या गावात लोक हेच सोसत आलेत.

जिल्हाधिकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष बोलणं काही मिनिटांचंच झालं. त्यांनी एकच विचारलं, "चालवायची वेळ आली तर चालवाल?" मी म्हटलं, पळता येत असेल तर आधी पळेन. त्यावर त्यांनी मान हलवली आणि सही झाली. परवान्याची हद्द फक्त जिल्ह्यापुरती न घेता पूर्ण महाराष्ट्राची मागा, हे राहिलंच सांगायचं. मुंबईला जाणाऱ्याला जिल्ह्याच्या परवान्याचा काय उपयोग! आणि ही मागणी सुरुवातीच्या अर्जातच करायची.

आता हत्याराविषयी. ९ मि.मी. गोळीचं हत्यार आपल्याला, म्हणजे सामान्य नागरिकाला, मिळत नाही. परदेशी नवी हत्यारं आयात होऊन आपल्यापर्यंत येत नाहीत आणि जुन्या विलायती पिस्तुलांच्या किमती ऐकवत नाहीत. तेव्हा माझी गाडी येऊन थांबली सरकारी कारखान्यांच्या .३२ बोअरवर (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात). खिशातलं म्हणून इशापूरचं 'निडर' पाहिलं. जेमतेम २५० ग्रॅम, हातात घेतल्याचं कळतही नाही, पण .२२ ची गोळी मला फार हलकी वाटली. 'प्रबळ' २०२३ मध्ये कानपूरहून बाजारात आलं. चक्र बाजूला उघडतं, नेम लांबवर लागतो, पण वजन ७०० ग्रॅमच्या घरात. मी घेतलं 'निर्भीक'. हेही कानपूरचंच, २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून पुढे आणलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅमचं, सहा काडतुसांचं. तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती म्हणून वर्तमानपत्रांत टीकाही झाली होती. महिलांसाठी म्हणून मला दुकानदाराने ते दाखवायलाच कुरकुर केली. वजनाला कसला आलाय बाई-पुरुष भेद? दिवसभर कमरेला बाळगायचं असेल तर प्रत्येक ग्रॅम जाणवतो.

त्याचे तोटेही सरळ सांगतो, कारण विकणारा सांगत नाही. घोडा जड आहे. तो ओढता ओढता नळीचं तोंड खाली झुकतं, आणि नळी एवढी आखूड की इथली एक रेघ तिकडे वीतभर होते. सात-आठ पावलांपलीकडे माझा भरवसा नाही, आणि तेवढ्या अंतरावरही सराव असेल तरच. हलकं हत्यार हाताला झटका जास्त देतं. .३२ ची गोळी सौम्य म्हणतात, तरी सरावाच्या दिवशी संध्याकाळी अंगठ्याचं बेचकं दुखतं. निशाणी बारीक, अंधारात दिसतच नाही. सहा काडतुसं संपली की मधून मोडून रिकामी पुंगळी काढायची आणि एकेक भरायचं, हे घाबरलेल्या हाताने जमेल असं मला वाटत नाही. सहांत भागलं पाहिजे हे धरूनच चालायचं. सरावाला जागा नाही हा आणखी एक मोठा तोटा. जिल्ह्याच्या रायफल क्लबात जावं लागतं, काडतुसं महाग, आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येबाहेर मिळत नाहीत.

आणि 'खिशातलं' म्हणतात म्हणून ते तसंच खिशात टाकू नका. पँटच्या खिशात अर्धा किलो म्हणजे खिसा लोंबतो, बाहेरून आकार दिसतो. नेहरू शर्टाचा खिसा तर विसराच. मी चांभाराकडून चामड्याचं म्यान शिवून घेतलं, घोड्यावरचं बोटाचं वेटोळं पूर्ण झाकणारं, आणि ते पँटच्या आत कमरेला लावतो. वर सैल शर्ट. त्या बाजूच्या खिशात किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, काही नाही. मोटरसायकलवर बसलं की मूठ पोटात रुतते, म्हणून थोडं मागे सरकवावं लागतं. एप्रिल-मे मध्ये घामाने म्यान ओलं होतं. टायटॅनियम गंजत नसलं तरी आतले स्क्रू आणि काडतुसांच्या कडा आठवड्याला पुसाव्या लागतात, कपड्याचे तंतूही चक्रात जातात.

लग्नाच्या वरातीत ते नेऊ नका. हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली, तेवढा दिलासा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करण्याचा निरोप येतो. नेमक्या दिवाळीच्या आसपास, सोन्याची ने-आण सगळ्यात जास्त असते तेव्हा, मी ते जमा करून रिकाम्या कमरेने मुंबईला गेलेलो आहे. सवलतीचा अर्ज करता येतो, छाननी समितीपुढे जातो. निरोप आल्याबरोबर करा, आणि लुटीचे गुन्हा क्रमांक त्यालाही जोडा. जमा करताना पावतीवर हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि 'सुस्थितीत' हा शब्द लिहूनच घ्या. परत घेताना तिथेच उघडून चक्र फिरवून बघा. माझं पहिल्यांदा परत आलं तेव्हा म्यान गायब होतं, आणि पावतीवर म्यानाची नोंद नसल्याने कुणी दादच दिली नाही. आता मी म्यान घरी ठेवून नुसतं हत्यार कापडात गुंडाळून नेतो. नूतनीकरणाचा अर्जही मुदत संपायच्या दोन महिने तरी आधी टाका, तो फिरून त्याच ठाण्यात येतो.