रोमचं नाव, पण टांकसाळ कुठली?

रोमन नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रोमन नाणं कुणाच्या हातात दिलं की प्रश्न ठरलेला: "हे रोममध्येच पाडलेलं ना?" बहुतेकदा उत्तर 'नाही' असतं.

आपल्या नाण्यावर सालाखाली हिरा दिसला तर ते मुंबईचं, चांदणी दिसली तर हैदराबादचं. चौथ्या शतकातल्या रोमन नाण्यांवर अशी खूण मागच्या बाजूला, चित्राच्या तळाशी असलेल्या रेघेखाली असते. टी-आर म्हणजे आजच्या जर्मनीतलं ट्रियर, एस-आय-एस म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक.

माझ्याकडे एक छोटं ब्राँझचं नाणं आहे. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी, ही अक्षरं. मागे रोम्युलस-रेमसला दूध पाजणारी लांडगीण, वर दोन चांदण्या. रोमचंच वाटणार! पण रेघेखाली आहे पी-सी-ओ-एन-एस-टी. मी कित्येक वर्षं ते कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, पाकिटात ठेवलं होतं. सुरुवातीच्या 'पी'कडे लक्षच गेलं नव्हतं.

झालं असं, की रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीत फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव बदलून कॉन्स्टँटिना ठेवलं गेलं. त्यामुळे दोन्ही शहरांची पहिली अक्षरं सारखीच. फरक कळतो तो टांकसाळीतल्या विभागाच्या अक्षरावरून. आर्लला ते आधी येतं: पी म्हणजे प्रिमा, पहिला विभाग, एस म्हणजे सेकुंदा, दुसरा. कॉन्स्टँटिनोपलला ते शेवटी येतं, तेही ग्रीक क्रमाने: आल्फा, बीटा, गॅमा.

अक्षरं पुसट असतील तर नाणं खिडकीशी धरून तिरप्या उजेडात फिरवा. चिंच-लिंबू लावून मात्र कृपा करून घासू नका. उरलीसुरली अक्षरंही जातील.

पहिल्या शतकातल्या नाण्यांवर सहसा अशी अक्षरं नसतात. तिथे कोरीवकामाची धाटणी बघायची. नीरोच्या ब्राँझ नाण्यावर गळ्याच्या टोकाशी बारकासा गोळा दिसला तर ते लुग्दुनुमचं, म्हणजे फ्रान्समधल्या आजच्या ल्योंचं. कोइम्बतूरच्या परिसरात ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांचे चांदीचे दिनार सापडले आहेत, त्यांतलेही पुष्कळ ल्योंचे. टायबेरियसच्या दिनारवर मागे आसनावर बसलेली स्त्री असते, हातात राजदंड आणि डहाळी. तिच्या पायाखालची जागा कोरी असते.