पोर्ट ऑफ स्पेनची ओळख पॅनयार्डपासून करून द्या

मुलांना घेऊन त्रिनिदादच्या राजधानीत जायचं ठरलं की बहुतेक पालक कार्निव्हलचे दोन दिवस गाठतात, म्हणजे ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीचे सोमवार-मंगळवार. भर उन्हातली गर्दी आणि छातीत धडधडणारे म्युझिक ट्रक यांच्यामुळे पाच वर्षांचं मूल तासाभरात रडकुंडीला येतं. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे आधी पोचा. तेव्हा संध्याकाळी पॅनयार्डांमध्ये, म्हणजे स्टीलपॅन वाजवणाऱ्या बँडच्या अंगणांमध्ये, तालमी रंगलेल्या असतात आणि आवाज सोसेना झाला तर चार पावलं मागे सरकता येतं. शार्लट स्ट्रीटवरचं रेनिगेड्स या बँडचं यार्ड अगदी शहराच्या मध्यावर आहे.

स्टीलपॅन हे वाद्य जन्मलं ते याच बेटावर, तेलाच्या पिंपातून. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून खोलगट करतात आणि त्यात एकेका सुराचा फुगवटा काढतात. मुलाला टेनर पॅनपाशी, म्हणजे सगळ्यांत उंच सुरांच्या पॅनपाशी, उभं करा. कडेचा मोठा फुगवटा खालचा सूर देतो आणि त्याच्याच आतल्या बाजूचा छोटा फुगवटा तोच सूर वरच्या सप्तकात. सप्तक म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावंच लागत नाही. मग बेस पॅन दाखवा. त्यात पिंप जवळजवळ अख्खंच असतं आणि एकेका वादकाभोवती अशी पाच-सहा किंवा त्याहूनही जास्त पिंपं उभी असतात.

वाजवायला मिळालं तर रबर लावलेली काडी सैल धरून उसळू द्यायची. दाबून ठेवली की सूर मरतो, आणि जोरात हाणलं की पत्रा सरकून सूर उतरतो. तो पुन्हा लावायला कसबी ट्यूनर लागतो, म्हणून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा. उभं राहताना ‘इंजिन रूम’पासून, म्हणजे बँडच्या तालवाद्यांच्या कोपऱ्यापासून, लांब राहा. तिथे गाड्यांचे ब्रेक ड्रम लोखंडी सळ्यांनी वाजवतात आणि कान दुखतात ते त्यानेच. लहानग्यांसाठी इअरमफ जवळ ठेवाच.

दिवसा क्वीन्स पार्क सव्हाना. या प्रचंड मैदानाचा फेरा साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. तो पूर्ण करायचा हट्ट नको. पश्चिमेच्या बाजूने क्वीन्स रॉयल कॉलेजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून स्टॉलमायर्स कॅसलपर्यंत चाला, मग उत्तरेला एम्परर व्हॅली प्राणिसंग्रहालय आणि १८१८ सालची बोटॅनिक गार्डन. क्रिकेटवेड्या मुलासाठी क्वीन्स पार्क ओव्हल हवंच: १९७१ मध्ये गावसकर पहिली कसोटी इथेच खेळले आणि भारताने ती जिंकली.

खायला डबल्स: दोन मऊ ‘बारा’ (तळलेल्या पुऱ्या) आणि त्यांवर रस्सेदार चना. विक्रेता तिखटाचं विचारतो तेव्हा मुलांसाठी सरळ ‘नो पेपर’ म्हणा. ‘स्लाइट’सुद्धा चांगलंच झोंबतं. सुटे टीटी (त्रिनिदाद-टोबॅगोचे) डॉलर हाताशी असू द्या. अळूच्या पानांची सहिना दिसली तर नक्की घ्या, मुलं तिला अळूवडीची बहीण म्हणतील. ही चव १८४५ पासून जहाजांनी आलेल्या भारतीय मजुरांची.

सामान भरताना एक गोष्ट तपासा: लष्करी छाप्याचे कपडे इथे सामान्य नागरिकांना कायद्याने बंद आहेत, अगदी मुलांची टोपीसुद्धा.

एक संध्याकाळ कॅरोनी दलदलीसाठी राखा. शहराच्या दक्षिणेला, गाडीने फार लांब नाही. दुपारी चारच्या सुमारास सुटणारी बोट धरा, कारण लालभडक स्कार्लेट आयबिस पक्षी सूर्यास्ताच्या वेळी मुक्कामाला परततात. बोटीत चढण्याआधी मुलांना शौचाला नेऊन आणा, डासांचं मलम लावा. बोट पक्ष्यांपासून बरीच लांब थांबते. दुर्बीण नसेल तर मुलांना झाडावर नुसते लाल ठिपके दिसतील. थव्यात करडे पक्षी दिसले तर ती पिल्लं. खेकडे-कोळंबी खाऊन पुढे त्यांची पिसं लाल होत जातात.