माठाच्या फडक्यावरचं लेट्यूस

मी पुण्यात लोकांच्या गच्चीवर बागा लावून देतो. कुंड्या भरणं, रोपं, महिन्यातून दोन चकरा, असं काम. ऑक्टोबरातला किस्सा आहे, सकाळी सातला कोथरूडच्या एका काकांचा फोन, "अरे बी बोगस आहे, तिसरं पाकीट वाया गेलं, मी ग्राहक मंचात जाणार!" काका बँकेतून रिटायर, त्यामुळे रिकामी पाकिटंसुद्धा पावतीसकट फाईलला लावलेली. त्यांना लूज लीफ लेट्यूस हवं होतं, म्हणजे गड्डा न धरणारं, लागतील तशी पानं खुडायची ते.

गेलो. ट्रे बघितले तर कोकोपीट, गांडूळखत, ओल सगळं बरोबर. पण ट्रे उघड्या स्लॅबवर, आणि अकरालाच त्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेववेना. बी किती खोल टाकलंत विचारलं तर म्हणे "धने टाकतो तसंच की, अर्धा इंच, वरून दाबून." झालं! लेट्यूसचं बी जिऱ्यापेक्षाही लहान आणि बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो, म्हणून ते नुसतं वर भुरभुरायचं आणि जेमतेम झाकायचं. त्यात त्याला 15 ते 20 डिग्री मानवतं, 28-30 च्या वर गेलं की ओलं होऊनसुद्धा बरंचसं बी तसंच पडून राहतं. मी बोटाने उकरून चार बिया काढल्या, टणक होत्या. म्हटलं काका, बी मेलेलं नाहीये, झोपलंय. "झोपलंय म्हणजे? मी पैसे मोजलेत!"

तेवढ्यात काकूंनी चहाला हाक मारली म्हणून किचनमध्ये गेलो, आणि चहा राहिला बाजूला. खिडकीजवळ तिवईवर माठ, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्यावर हिरवे ठिपके. जवळ जाऊन बघतो तर दोन-दोन पानांची रोपं! काकू म्हणाल्या, "चार दिवसांपूर्वी ह्यांनी ओट्यावर बी सांडलं, मी ह्याच फडक्याने पुसून परत गुंडाळलं, मला वाटलं शेवाळं आलंय." तेच पाकीट, तेच बी. ओल, गारवा, खिडकीचा उजेड, सगळं आयतं मिळालेलं. खरं सांगतो, मी इतकी वर्षं लोकांना ओल्या टिश्यूत बी गुंडाळून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा म्हणून सांगतोय, माठ कधी डोक्यातच आला नाही.

काका पाच मिनिटं गप्प, जे फार क्वचित होतं.

मग नवीन ट्रे भरून माठाला खेटून ठेवला, बी वर पसरून स्प्रेने पाणी मारलं. चौथ्या दिवशी फोटो आला, सगळं उगवलेलं. इथे काकांनी पुन्हा घोळ केला, उगवल्यावर लगेच भरपूर उजेडात न्या सांगितलं होतं तरी आठवडाभर तिथेच ठेवलं, रोपं दोऱ्यासारखी लांबुडकी होऊन आडवी पडली. परत पेरलं. ह्या वेळी बाल्कनीत सकाळचं ऊन आणि दुपारी 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट. डिसेंबरात बाहेरची पानं खुडायला लागले, मधला कोंब तसाच ठेवून.

फाईल अजून आहे. त्यात आता माठाचं फडकं किती वाजता ओलं केलं ते लिहितात.