तुम्ही विचारलंत म्हणून : बँक, घर, पक्षी आणि कथा

दिवाळी अंकातली कथा वाचून कळवणारे वाचक, बँकेतले सहकारी, मुलीच्या शाळेत भेटणारे पालक, यांपैकी कोणी ना कोणी मला एक प्रश्न हमखास विचारते : बँकेची नोकरी, घर, शिवाय पक्षी पाहण्याचा छंद, एवढे सगळे असताना तुम्ही लिहिता तरी केव्हा? कथा लिहिणाऱ्या पुरुषांना बहुधा 'सुचते कसे' असे विचारतात आणि बायकांना 'वेळ कसा मिळतो' असे विचारतात, हे माझ्या लक्षात आलेले आहे. तरीही या प्रश्नाला मी मनापासून उत्तर देते, कारण विचारणाऱ्यांमध्ये नुकत्याच नोकरीला लागलेल्या, घरी अर्धी लिहिलेली वही ठेवून आलेल्या मुली असतात, आणि त्यांना 'मिळतो कसाबसा' एवढेच सांगून वाटेला लावणे मला पटत नाही.

माझे उत्तर असे, की मी दिवसाचे वाटप करतच नाही, वर्षाचे करते. रोज सकाळी उठून थोडे लिहावे, मग घरचे पाहावे, मग बँक, संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि रविवारी पक्षी, अशी आखणी कागदावर फार सुंदर दिसते, पण ज्या ग्रामीण शाखेत मी काम करते तिथे मार्च महिना आणि ऑगस्ट महिना हे एकाच मापाने मोजता येत नाहीत. पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र सरकारची ३ टक्के व्याज सवलत मिळते, त्यामुळे मार्चअखेरीच्या आत कर्जाचे नवे-जुने, म्हणजे जुने फेडून नवे उचलणे, करून घ्यायला शाखेत रांगा लागतात. त्याच काळात थकीत खात्यांची वसुली, वर्षअखेरीचे ताळेबंद आणि लेखापरीक्षणाची तयारी असते. त्या दिवसांत घरी पोहोचल्यावर वही उघडणे म्हणजे स्वतःवर आणि कथेवरही अन्याय करणे होय. फेब्रुवारी आणि मार्च हे महिने बँकेचे, हे मी मान्य करून टाकले आहे आणि त्या महिन्यांत न लिहिल्याचे दुःख मी करत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला वर्षाचा हा हिशेब आणखी एका कारणाने सोपा जातो. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे कथेचा एक हंगाम ठरून गेला आहे. संपादकांची पत्रे उन्हाळ्यात येऊ लागतात आणि मजकूर साधारणपणे ऑगस्टच्या सुमारास हातात असावा अशी त्यांची अपेक्षा असते. ही मुदत पुष्कळांना जाचक वाटते. मला ती मोठा आधार वाटते. कोणीतरी आपल्या कथेची वाट पाहत आहे आणि ती अमुक तारखेपर्यंतच पाहणार आहे, हे ठाऊक असले की घरच्यांनाही सांगता येते. 'आई लिहीत आहे' या वाक्यापेक्षा 'आईला पंधरा ऑगस्टपर्यंत कथा द्यायची आहे' हे वाक्य घरात फार लवकर समजते.

उन्हाळ्याची सुट्टी मात्र सगळी मुलीची आणि घरची. आमच्या घरात सासूबाई आहेत, त्यांच्या माहेरची माणसे त्याच दिवसांत येतात, लग्नकार्ये असतात, वर्षाचे तिखट-मसाले होतात. मे महिन्याच्या शेवटी, पाहुणे गेल्यानंतर, आम्ही सगळे बसून पुढच्या तीन महिन्यांचे ठरवतो. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सकाळचा स्वयंपाक आणि डबे यजमानांकडे, मुलीला उठवणे सासूबाईंकडे, आणि उजाडण्यापूर्वीचा वेळ माझा. हे वाटप आम्ही स्पष्ट बोलून करतो, कारण न बोलता घेतलेला वेळ कोणाच्या तरी श्रमातून येतो आणि तो कोणाच्या श्रमातून आला हे लिहिणाऱ्याला कळतही नाही. नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाच्या चिकाटीचे कौतुक होते तेव्हा त्या घरात चहा कोणी केला आणि आजारी माणसाजवळ कोण बसले, हेही विचारले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या कथांमध्ये माझ्या यजमानांनी केलेल्या पोळ्यांचा वाटा आहे, हे मी आभार म्हणून नव्हे तर माहिती म्हणून सांगते.

या तीन महिन्यांतही सलगता नसते. नेमके तेव्हाच खरिपाच्या पीककर्जाचे वाटप चालू असते. सातबारा आणि आठ-अ घेऊन आलेली माणसे पावसाकडे डोळे लावून बसलेली असतात आणि त्यांचे प्रकरण आपल्या टेबलावर एक दिवसही अडू नये असे मनापासून वाटते. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते. त्या वेळी आमच्या गल्लीत वारकऱ्यांची उतरण्याची आणि जेवणाची सोय असते, आणि त्या दोन-तीन दिवसांत लेखन पूर्ण बंद राहते. मला त्याचे वाईट वाटत नाही. पण त्यानंतर कथेत परत शिरणे कठीण असते, आणि अशा खंडानंतर परत कसे शिरायचे हे ज्याला जमले त्याला नोकरी सांभाळून लिहिणे जमले, असे मी म्हणेन.

त्यासाठी मी लेखनाच्या कामाची मनाच्या अवस्थेप्रमाणे विभागणी केली आहे. लेखन हे एकच काम नाही. पहिला खर्डा लिहिताना जे मन लागते ते ताजे, रिकामे आणि काहीसे निर्भय असावे लागते; ते मला फक्त पहाटे मिळते, आणि तेही रात्री वेळेवर झोपले तरच. दुसऱ्या लेखनात, म्हणजे कुठला प्रसंग आधी यावा आणि कुठला गाळावा हे ठरवताना, घाई नसलेला सलग वेळ लागतो. त्यासाठी दुसरा आणि चौथा शनिवार. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना हे दोन शनिवार पूर्ण सुट्टीचे झाले, त्याने माझ्या कथांचे जेवढे भले केले तेवढे दुसऱ्या कशानेच केले नसेल. हाताने लिहिलेले टंकित करणे, शुद्धलेखन तपासणे, पात्रांची नावे आणि नाती जुळतात का पाहणे, मुद्रिते वाचणे, ही कामे थकलेल्या मनानेही नीट होतात, म्हणून ती संध्याकाळची. संवाद तर मी भाजी निवडता निवडता पुटपुटून पाहते. तोंडात अडखळलेले वाक्य कागदावरही अडखळते. जे लोक 'संध्याकाळी बसते पण काही सुचतच नाही' असे सांगतात त्यांना मला इतकेच सांगायचे असते, की संध्याकाळकडून पहाटेच्या कामाची अपेक्षा करू नका. आणि कितीही थकवा असला तरी झोपण्यापूर्वी मी कथेचे शेवटचे पान एकदा वाचते. त्या वाचनातून नवे काही लिहिले जात नाही, पण सकाळी कुठून सुरुवात करायची हे मनाला ठाऊक असते.

'बँकेत तर तुम्हांला विषयांचा खजिनाच मिळत असेल' असे पुष्कळ जण म्हणतात. इथे मला थोडे कठोर बोलावे लागते. सरकारी बँकेत रुजू होताना आम्ही निष्ठेच्या आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली असते, आणि ती सही नसती तरी कर्जमाफीच्या यादीत नाव आले नाही म्हणून काउंटरपाशी थांबून राहिलेल्या माणसाचे दुःख उचलून अंकात छापणे मला मान्य झाले नसते. त्याने ते दुःख मला अधिकारी म्हणून सांगितलेले असते. नोकरीतून मी घेते ती भाषा : माणसे पैशांविषयी बोलताना कशी थांबतात, भावाभावांतल्या वाटणीचा उल्लेख कसा टाळतात, बाई सही करताना आधी कोणाकडे पाहते. एवढे पुरते. नियमांचेही सांगते, कारण तरुण सहकारी त्याला घाबरतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत प्रासंगिक साहित्यिक कामाला, कर्तव्यात कसूर होत नसेल तर, पूर्वपरवानगीची अट नाही. बँकांचे नियम आपापले असतात, ते वाचावेत आणि वरिष्ठांना लेखी कळवावे. उघडपणे लिहिण्यात जी मोकळीक आहे ती टोपणनावाने लिहिण्यात मला कधी वाटली नाही.

राहिले पक्षी. पक्षी पाहण्याची वेळही पहाटेचीच, त्यामुळे दिवसाच्या हिशेबात छंद आणि लेखन यांचे भांडण अटळ होते. वर्षाच्या हिशेबात ते आपोआप मिटले, आणि ते मिटवले उजनी धरणाने. हिवाळ्यानंतर धरणातले पाणी ओसरत जाते, भिगवणजवळ डिकसळ आणि कुंभारगावच्या बाजूला चिखलाची उथळ पात्रे उघडी पडतात आणि तिथे रोहित पक्षी चरायला उतरतात; थंडीत चक्रवाक आणि पट्टकादंब येतात. पावसाळ्यात धरण भरले की ती दलदल पाण्याखाली जाते आणि स्थलांतरित पक्षी तिथे राहत नाहीत. ज्या महिन्यांत मला लिहायचे असते त्या महिन्यांत पाहण्यासारखे थोडे असते, आणि ज्या महिन्यांत पक्षी असतात त्या महिन्यांत मला लिहायचे नसते. होडीत बसून दुर्बीण डोळ्यांना लावली की तासभर ना कर्जप्रकरण आठवते ना कथा, आणि नेमके हेच मला त्या छंदाकडून हवे असते. 'मग पक्ष्यांवरच का लिहीत नाही' असे विचारणारे मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण देतात. ते वनखात्यातच अधिकारी होते. त्यांची नोकरी, त्यांचे निरीक्षण आणि त्यांचे लेखन एकाच अरण्यातले होते, आणि म्हणून त्यांच्या लेखनाला ते बळ आले. माझे तसे नाही. माझ्या आयुष्यातली एक तरी गोष्ट अशी असावी जिच्यातून काहीही निर्माण करायचे नाही, या भावनेने मी पक्ष्यांची वहीसुद्धा तारखा आणि जातींच्या नोंदींपलीकडे जाऊ देत नाही.

या सगळ्या व्यवस्थेची एक किंमत आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. मी कादंबरी लिहिलेली नाही. कादंबरीला वर्षानुवर्षे एकाच जगात राहावे लागते, आणि माझे वर्ष मला दर काही महिन्यांनी त्या जगातून बाहेर काढते. कथा हा प्रकार मला आवडतो म्हणून मी निवडला हे खरे, पण तो माझ्या दिनक्रमात बसतो म्हणूनही निवडला, हेही तितकेच खरे. ज्यांच्या मनात कादंबरी आहे त्यांना माझी पद्धत कदाचित उपयोगी पडणार नाही. त्यांना वर्षभर रोज थोडे लिहिण्याचा दुसरा मार्ग शोधावा लागेल, किंवा बिनपगारी रजा घेण्याची हिंमत करावी लागेल.

शिवाय ही मांडणी या शाखेपुरतीच आहे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होत असतात, माझीही लवकरच अपेक्षित आहे, आणि ती शहरात झाली तर तिथे पीककर्जाचा हंगाम नसेल, पण गृहकर्जाचे आणि निर्यातदारांचे वेगळे ताण असतील, जाण्यायेण्यात अधिक वेळ जाईल आणि उजनी दूर राहील. मुलगीही आता दहावीला जाईल. तेव्हा येत्या मे महिन्यात घरात बसून बोलताना पहाटेचे महिने जूनऐवजी दुसरीकडे सरकवावे लागतील का, आणि तसे झाले तर कोणत्या संपादकांना यंदा नाही म्हणायचे, हे आम्हांला ठरवायचे आहे.